खांदा नुकताच धरलाय? स्टिरॉइडचं इंजेक्शन कधी घ्यावं, कसं घ्यावं आणि पुढचे सहा आठवडे काय करावं

ठाण्यात फिजिओथेरपी करताना फ्रोझन शोल्डरचे, म्हणजे खांदा धरलेले, जे रुग्ण माझ्याकडे येतात, त्यातले बरेचसे उशिरा येतात. आधी बाम, मग शेजारच्या काकूंनी सांगितलेलं तेल, मग मेडिकलमधून आणलेल्या पेनकिलर. डॉक्टरांनी इंजेक्शन सुचवलंच तर घरात कुणीतरी म्हणतं, "स्टिरॉइड आहे, अजिबात घेऊ नकोस." त्यात आणखी दोन महिने जातात. तोवर रात्रीचं ठणकणं जरा कमी झालेलं असतं आणि हात मात्र खांद्याच्या वर जाईनासा झालेला असतो. इंजेक्शनचा सर्वात जास्त उपयोग ज्या काळात होतो, नेमका तोच काळ निघून गेलेला असतो.

हा लेख दुखणं सुरू होऊन काही आठवडे किंवा दोन-चार महिने झालेल्यांसाठी आहे. इंजेक्शन मी देत नाही, ते हाडांचे डॉक्टर किंवा रेडिऑलॉजिस्ट देतात. माझं काम त्याच्या आधी आणि नंतर असतं, आणि निकाल बराचसा त्या 'नंतर'वर ठरतो असं माझं ठाम मत आहे.

खांद्यात नेमकं काय बिघडतं

खांद्याच्या सांध्याभोवती एक पातळ, सैल पिशवी असते, तिला कॅप्सूल म्हणतात. ती सैल असते म्हणूनच हात इतका चौफेर फिरतो. फ्रोझन शोल्डरमध्ये या पिशवीच्या आतल्या अस्तराला सूज येते. ही सूज म्हणजेच सुरुवातीचे महिने झोप उडवणारी वेदना. मग पिशवी जाड होते, आक्रसते, तिच्यात चिवट तंतू तयार होतात. एरवी जिच्यात २० ते ३० मिली द्रव सहज मावतो, तिच्यात बऱ्याचदा १० मिलीच्या आसपासच मावतो.

स्टिरॉइड सूज उतरवतं. तयार झालेले तंतू ते विरघळवू शकत नाही. 'लवकर घ्या' असं डॉक्टर का म्हणतात ते एवढ्यावरून लक्षात येईल.

हा आजार साधारण ४० ते ६० या वयात होतो, बायकांमध्ये जास्त दिसतो. मधुमेह असेल तर शक्यता कितीतरी वाढते, दुखणं जास्त चिवट असतं आणि दुसरा खांदाही धरण्याची भीती असते. थायरॉइडचा त्रास असणाऱ्यांनाही धोका जास्त. हाड मोडल्यावर, स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा पॅरालिसिसनंतर हात बराच काळ हलवला गेला नाही, तरी खांदा धरतो.

पायरी पहिली: आपण कुठल्या टप्प्यात आहोत?

पहिला टप्पा दुखण्याचा. त्या कुशीवर झोपता येत नाही, पहाटे तीनला जाग येते, हात नुसता मांडीवर ठेवला तरी दंडापर्यंत ठणकतं. बसमध्ये धक्का बसला किंवा दार पटकन ओढलं की जीव जाईल अशी कळ येते. हे दोन महिन्यांपासून नऊ महिन्यांपर्यंत चालू शकतं. दुसरा टप्पा आखडण्याचा. दुखणं बरंच उतरतं, हात एका मर्यादेपुढे गेला तरच कळ येते, पण ती मर्यादा फार अलीकडे येऊन थांबलेली असते. तिसऱ्यात खांदा हळूहळू मोकळा होतो. सगळं मिळून दीड ते तीन वर्षं लागू शकतात आणि काहीजणांचा हात थोडा आखडलेलाच राहतो. 'आपोआप बरा होतो' हे खोटं नाही. फक्त त्याला लागणारा वेळ सांगणारे सांगत नाहीत.

रात्रीचं आणि आरामात असतानाचं दुखणं हा मुख्य त्रास असेल, तर तुम्ही इंजेक्शनच्या योग्य काळात आहात. दुखणं जवळपास थांबलंय आणि फक्त हात अडकतोय, तर इंजेक्शनकडून फार अपेक्षा ठेवू नका.

पायरी दुसरी: कोपर बरगडीला लावून पाहा

खांदा दुखतो म्हणजे फ्रोझन शोल्डरच, असं नसतं. स्नायूची दोरी फाटलेली असू शकते, तिच्यात कॅल्शियम साठलेलं असू शकतं, मानेतली नस दबलेली असू शकते. एक साधी तपासणी घरीही करता येते. कळव्याहून येणाऱ्या एका ताईंच्या बाबतीत ती कशी झाली ते सांगते.

ताई सांगत होत्या, "ट्रेनमध्ये हँडल धरता येत नाही, आणि आता मागे हुक असलेला ब्लाउज घालणंच सोडलंय." मी त्यांना हात वर करायला सांगितला. हात छातीपर्यंत आला आणि तिथून पुढे अख्खा खांदाच कानाकडे उचलला गेला. सांधा फिरत नसला की पाठीचं फावडं, म्हणजे खांद्यामागचं चपटं हाड, अशी मदत करतं. मग त्यांना खुर्चीत बसवलं, दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकवून काटकोनात वाकवली, तळवे एकमेकांसमोर. आधी चांगला हात: त्यांनी मनगट बाहेर नेलं, ते दार उघडावं तसं सहज फिरलं. मग दुखऱ्या हाताचं कोपर मी बरगडीला धरून ठेवलं आणि मनगट हळूच बाहेर न्यायला लागले. चार बोटं सरकलं आणि थांबलं. ताईंनी अजिबात जोर लावलेला नव्हता, तरी थांबलं.

यातली मेख दुसऱ्या माणसाने हात फिरवण्यात आहे. स्वतःला फिरवता येत नाही पण दुसऱ्याने फिरवला तर जातो, असं असेल तर दुखणं बहुधा स्नायूचं आहे. दुसऱ्यानेही तो बाहेर फिरत नसेल, चांगल्या बाजूच्या निम्माही जात नसेल, तर फ्रोझन शोल्डरचा संशय पक्का होतो. जोर मात्र करू नका. जिथे कळ येते तिथे थांबायचं.

अगदी सुरुवातीला, पहिल्या काही आठवड्यांत, आखडणं इतकं स्पष्ट नसतं. त्या वेळी निदान डॉक्टरांवरच सोडावं.

पायरी तिसरी: इंजेक्शनआधी एक्स-रे आणि रक्त

'फ्रोझन शोल्डरचा एक्स-रे नॉर्मल येतो, मग कशाला काढायचा?' असं बरेच जण विचारतात. तो नॉर्मल आहे हे कळावं म्हणूनच काढायचा. सांध्याची झीज, कॅल्शियमचा साठा, हाडातली गाठ यात दिसून येते. आपल्याकडे आणखी एक मोठं कारण आहे: खांद्याचा टीबी. त्याचा एक कोरडा प्रकार असतो, त्यात ना पू दिसतो ना फारशी सूज. खांदा फक्त दुखतो, आखडतो आणि दंडाचे स्नायू वाळत जातात. वरवर पाहिलं तर तो थेट फ्रोझन शोल्डर वाटतो. अशा सांध्यात स्टिरॉइड गेलं तर टीबी भडकतो. संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं, घरात कुणाला टीबी झालेला असणं, यातलं काहीही असेल तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न बघता आपणहून सांगा. ते ईएसआर, सीआरपी (शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) आणि गरज पडली तर एमआरआय सांगतील. एरवी सरसकट एमआरआय लागत नाही. तो पैसा वाचवून फिजिओथेरपीला ठेवा, असं मी स्पष्ट सांगते.

रक्तात उपाशीपोटीची शुगर, एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी शुगर) आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी). आपल्याला मधुमेह आहे हे काहीजणांना खांदा धरल्यावरच कळतं.

एक धोक्याची सूचना. डावा खांदा किंवा हात जिना चढताना दुखतो आणि थांबल्यावर दुखायचा थांबतो, सोबत घाम, धाप किंवा छातीत दडपण असेल, तर तडक हॉस्पिटल गाठून ईसीजी काढायचा. खांद्याचं नंतर बघता येईल.

पायरी चौथी: मधुमेह असेल तर तयारी

हा भाग मी मुद्दाम लांबवते आहे, कारण सर्वात जास्त घाबरगुंडी इथेच उडते.

सांध्यात दिलेल्या स्टिरॉइडचा काही भाग रक्तात जातोच, आणि शुगर वाढते. ही वाढ त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दिसते, दोन-तीन दिवस जोरात असते आणि बहुतेकांची आठवडाभरात पूर्वपदावर येते. सकाळच्या उपाशीपोटीच्या शुगरपेक्षा दुपारी आणि रात्री जेवणानंतरची शुगर जास्त चढते, त्यामुळे फक्त सकाळची शुगर बघून 'काही झालं नाही' असं ठरवू नका.

इंजेक्शनच्या आधीच्या आठवड्यात घरच्या ग्लुकोमीटरवर रोजचे आकडे लिहून ठेवा, म्हणजे नंतरची वाढ किती ते कळेल. मधुमेहाच्या डॉक्टरांना एक फोन करून विचारा: 'शुगर किती गेली तर गोळी किंवा इन्सुलिन वाढवू, आणि कितीने?' हे उत्तर कागदावर लिहून फ्रीजवर लावा. इंजेक्शननंतर किमान पाच-सात दिवस उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी तपासा. सतत ३०० च्या वर जात असेल, फार तहान लागत असेल, वारंवार लघवी होत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर आधी बोलल्याशिवाय इंजेक्शन घेऊच नये. एचबीए१सी ८ च्या बराच वर असेल, तर अनेक डॉक्टर आधी शुगर आटोक्यात आणायला सांगतात. ते ऐका.

तारीखही विचारपूर्वक निवडा. गणपतीत, दिवाळीत किंवा घरात लग्न असताना शुगर आधीच हाताबाहेर असते आणि घरातली कामंही थांबत नाहीत. पण म्हणून चार महिने पुढे ढकलू नका. दोन आठवडे मागे-पुढे केले तर बिघडत नाही.

पायरी पाचवी: कुणाकडे जायचं, काय विचारायचं

हाडांच्या डॉक्टरांकडे. ठाणे-नवी मुंबईत खासगी डॉक्टर भरपूर आहेत. खर्च झेपत नसेल तर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा वाशीचं महापालिकेचं रुग्णालय आहे, सकाळी केसपेपर काढून हाडांच्या ओपीडीत दाखवता येतं. इंजेक्शनचं औषध स्वतः फार महाग नसतं. बिल वाढतं ते तपासणी फी आणि सोनोग्राफीमुळे.

सोनोग्राफीचं थोडं समजून घ्या. इंजेक्शन दोन प्रकारे देतात: खांद्याच्या खुणा हाताने चाचपून, किंवा सोनोग्राफीवर सुई बघत. आपल्याकडे सोनोग्राफीचं कुठलंही मशीन पीसीपीएनडीटी कायद्याखाली (गर्भलिंगनिदान रोखणारा कायदा) नोंदवावं लागतं, त्यामुळे अनेक हाडांच्या डॉक्टरांकडे ते क्लिनिकमध्ये नसतं. मग ते एकतर अंदाजाने देतात किंवा रेडिऑलॉजिस्टकडे पाठवतात. अनुभवी हाताने दिलेलं अंदाजाचं इंजेक्शनही काम करतं. पण शरीर जाड असेल, किंवा पहिल्या इंजेक्शनचा काहीच उपयोग झाला नसेल, तर सोनोग्राफीखाली घेण्याचा आग्रह धरावा असं मला वाटतं. सांध्याऐवजी वरच्या स्नायूत गेलेल्या औषधाला 'इंजेक्शन लागू पडलं नाही' म्हणण्यात अर्थ नाही.

डॉक्टरांना विचारा: इंजेक्शन सांध्याच्या आत देणार का? औषध कुठलं आणि किती? बहुधा ट्रायअम्सिनोलोन किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन ४० मिलिग्रॅम, सोबत बधिर करणारं लिग्नोकेन, असं उत्तर मिळेल. हे नाव, मात्रा आणि तारीख फाइलवर लिहून घ्या. पुढच्या वेळी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर हा कागद सोन्याचा ठरतो.

आणि डॉक्टरांना सांगा: रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू आहेत का (त्या स्वतःच्या मनाने बंद करू नका), आधी कुठल्या इंजेक्शनची ॲलर्जी आली होती का, अंगात ताप किंवा दाताचा, लघवीचा, त्वचेचा जंतुसंसर्ग आहे का, गरोदरपण आहे का, येत्या तीन महिन्यांत त्या खांद्याचं ऑपरेशन ठरलंय का. एचआयव्हीची औषधं चालू असतील तर ते आवर्जून सांगा. त्यातल्या रिटोनाविर किंवा कोबिसिस्टॅटबरोबर ट्रायअम्सिनोलोन शरीरात साठून राहतं आणि गंभीर त्रास होऊ शकतो.

राहिली 'स्टिरॉइड'ची भीती. जिममध्ये दंड फुगवायला घेतात ते औषध वेगळं. महिनोन्महिने स्टिरॉइडच्या गोळ्या खाल्ल्या तर हाडं ठिसूळ होतात, चेहरा सुजतो, हे खरंच आहे. एका सांध्यात एकदा दिलेल्या ४० मिलिग्रॅमची गोष्ट त्या पंगतीत बसत नाही.

पायरी सहावी: इंजेक्शनचा दिवस

उपाशी जायची गरज नाही. नेहमीच्या गोळ्या घेऊन, नाश्ता करून जा. पुढून उघडणारा शर्ट किंवा सैल कुर्ता घाला. सोबत कुणीतरी असू दे, कारण खांदा काही तास बधिर असतो आणि त्या हाताने स्कूटर किंवा गाडी चालवायची नाही. घोडबंदर रोडच्या खड्ड्यांतून रिक्षा जाणार असेल तर तो हात दुसऱ्या हाताने पोटाशी धरून बसा.

प्रत्यक्ष इंजेक्शन काही मिनिटांचं. बसवून किंवा कुशीवर झोपवून, बहुतेक वेळा खांद्याच्या मागच्या बाजूने देतात. त्वचा नीट निर्जंतुक केली जातेय ना, सुई आणि सिरिंज नवी उघडली ना, हे बघण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आत औषध जाताना दाब जाणवतो, कारण पिशवीच आक्रसलेली असते. नंतर पंधरा-वीस मिनिटं तिथेच थांबा. चक्कर किंवा अंगावर पित्त उठण्यासारखं काही झालं तर डॉक्टर जवळ असलेले बरे.

पायरी सातवी: पहिला आठवडा

पहिले दोन तास खांदा हलका वाटतो. ही लिग्नोकेनची कमाल असते, ती ओसरली की त्याच रात्री दुखणं परत येतं, काहींना आधीपेक्षा जास्त. औषधाचे बारीक कण सांध्यात असल्याने एक-दोन दिवस असं ठणकतं. कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं लावा आणि डॉक्टरांनी सांगितलेली गोळी घ्या. 'इंजेक्शन फुकट गेलं' असा निकाल या रात्री लावू नका. स्टिरॉइडचा खरा गुण तिसऱ्या दिवसापासून आठवड्याभरात दिसतो, आणि तो बहुधा रात्रीच्या झोपेत आधी दिसतो.

काहींचा चेहरा एक-दोन दिवस लाल, गरम होतो. काहींना झोप लागत नाही. पाळी पुढे-मागे होऊ शकते. पाळी बंद झालेल्या बाईला रक्तस्राव झाला तर इंजेक्शनवर ढकलून गप्प न बसता स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावं. सुईच्या जागी त्वचा पांढुरकी होणं किंवा खळगा पडणं क्वचित होतं.

सांध्यात जंतुसंसर्ग होणं फार दुर्मीळ, पण झाला तर गंभीर. दुखणं दोन-तीन दिवसांनी कमी व्हायच्या ऐवजी वाढतच चाललंय, खांदा लाल-गरम झालाय, थंडी-ताप आहे, असं दिसलं तर सोमवारची वाट बघायची नाही, त्याच दिवशी कॅज्युअल्टीत जायचं.

पहिले दोन दिवस बादली, सिलिंडर, माळ्यावरची भांडी यांना हात लावू नका. लोकलने जाणाऱ्यांनी आठवडाभर तरी दुसऱ्या हाताने आधार धरावा. ठाणे स्टेशनच्या गर्दीत दुखऱ्या बाजूला माणूस न येईल असं दाराच्या आतल्या कडेला उभं राहणं जमलं तर उत्तम.

पायरी आठवी: मिळालेले आठवडे वापरा

इंजेक्शनचा आराम साधारण सहा ते बारा आठवडे चांगला असतो. या काळात खांदा हलवला नाही, तर औषध ओसरल्यावर पुन्हा तिथेच येता. दुखायचं थांबलं म्हणून व्यायामही थांबवणारे रुग्ण पाहिले की मला फार वाईट वाटतं.

तिसऱ्या दिवसापासून सुरुवात. टेबलावर चांगला हात टेकून पुढे वाका, दुखरा हात लोंबता सोडा आणि अंग हलकेच झुलवून तो पुढे-मागे, गोल फिरू द्या. हाताने जोर करायचा नाही. मग जेवणाच्या टेबलावर फडका ठेवून त्यावर हात पुढे सरकवा आणि अंग मागोमाग वाकवा. तिसरा व्यायाम सर्वात महत्त्वाचा: पाठीवर झोपा, कोपरं बरगडीला, दोन्ही हातांत पोछ्याचा दांडा आडवा धरा आणि चांगल्या हाताने दांडा ढकलत दुखरं मनगट बाहेर न्या. कोपराखाली घडी केलेला टॉवेल ठेवा, म्हणजे कोपर मागे पडत नाही. शेवटच्या जागी दहा-पंधरा सेकंद थांबा. आठवड्याभराने भिंतीवर बोटांनी चढणं सुरू करा आणि पेन्सिलने रोजची खूण करा. हात मागे नेऊन टॉवेलने ओढण्याचा व्यायाम शेवटी, दोन-तीन आठवड्यांनी. बायकांना त्याचीच घाई असते, पण सुरुवातीला तोच सर्वात जास्त दुखवतो.

दिवसातून एकदा तासभर करण्यापेक्षा चार-पाच वेळा पाच-पाच मिनिटं करा, आधी गरम पाण्याची पिशवी घेऊन. दुखणं व्यायामानंतर थोड्या वेळात शमलं पाहिजे. त्या रात्री झोप मोडली तर दुसऱ्या दिवशी निम्मं करा. हिसके देऊन हात 'सोडवणाऱ्या' माणसाकडे कृपा करून जाऊ नका. पन्नाशीच्या पुढे, ठिसूळ हाडांत, अशा ओढाताणीने दंडाचं हाड मोडू शकतं.

पायरी नववी: सहा आठवड्यांनी निर्णय

कोपर बरगडीला लावून तीच तपासणी पुन्हा करा. झोप लागतेय आणि मनगट आधीपेक्षा बाहेर जातंय, तर व्यायाम चालू ठेवा, दुसऱ्या इंजेक्शनची गरज नाही. आधी गुण आला होता पण रात्रीचं दुखणं परततंय, तर दुसऱ्या इंजेक्शनचा विचार होतो. दोन इंजेक्शनांत किमान चार ते सहा आठवड्यांचं अंतर हवं, आणि एकाच खांद्यात वर्षाला दोन-तीनच्या पुढे जाऊ नये. दुखणं गेलं पण आखडणं तसंच, तर सलाईनने पिशवी फुगवण्याची हायड्रोडायलेटेशन नावाची प्रक्रिया असते, तिच्याबद्दल विचारा.

भूल देऊन खांदा मोकळा करणं किंवा दुर्बिणीने पिशवी कापणं हे नंतरचे उपाय. ब्रिटनमधल्या ३५ रुग्णालयांत ५०३ रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीचा निकाल २०२० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात हे दोन्ही उपाय आणि स्टिरॉइड इंजेक्शनसह पद्धतशीर फिजिओथेरपी यांची तुलना होती. वर्षानंतर तिन्हींत मोठा फरक पडला नाही. फिजिओथेरपीच्या गटातल्या काहींना पुढे आणखी उपचार लागले, तर गंभीर गुंतागुंत दुर्बिणीच्या गटात जास्त दिसली. त्यामुळे कुणी पहिल्याच भेटीत ऑपरेशनची तारीख देत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

मधुमेह असणाऱ्यांनी दुसऱ्या खांद्यावरही लक्ष ठेवावं. महिन्यातून एकदा आंघोळीनंतर आरशासमोर दोन्ही कोपरं बरगडीला लावून मनगटं बाहेर न्यायची. आतापर्यंत चांगला असलेला हात मागे पडू लागला किंवा त्या कुशीवर झोपताना दुखायला लागलं, तर त्याच आठवड्यात जुनी फाइल घेऊन डॉक्टरांकडे जा. पहिल्या इंजेक्शनच्या वेळी शुगर किती चढली होती ते त्यात लिहिलेलं असेल, त्यामुळे या वेळची तयारी सोपी होईल.